प्रायमरी आणि नोव्हेंबरची निवडणूक: अलास्काच्या सिनेटर एकीत हरल्या आणि दुसरीत जिंकल्या, ते कसे?

अमेरिकेतील विद्यमान सिनेटर पुन्हा निवडून येण्यासाठी उभा राहतो, तेव्हा त्याला एकाच वर्षात दोनदा मतदारांसमोर जावे लागते. आधी उन्हाळ्याच्या आसपास प्रायमरी होते आणि तीत पक्षाचा उमेदवार ठरतो. नंतर नोव्हेंबरमध्ये सिनेटची जागा प्रत्यक्ष भरणारी निवडणूक होते. मराठी बातम्यांत दोन्हींचे निकाल एकाच सुरात येतात आणि त्यामुळे प्रायमरी ही उपांत्य फेरी व नोव्हेंबरची निवडणूक हा अंतिम सामना, असा समज सहज होतो. उपांत्य आणि अंतिम सामन्यांचे नियम सारखेच असतात; या दोन निवडणुकांत मात्र मतदार वेगळे असतात आणि त्यांच्यापुढचा प्रश्नही वेगळा असतो. हा फरक रिपब्लिकन सिनेटर लिसा मर्कोव्स्की यांच्या निमित्ताने जितका ठळकपणे अलास्कामध्ये दिसला, तितका तो क्वचितच कुठे दिसला असेल.

अलास्का क्षेत्रफळाने महाराष्ट्राच्या पाचपटींहून मोठे आहे, पण 2010 च्या जनगणनेत तिथली लोकसंख्या जेमतेम सात लाख दहा हजार होती. तरीही कॅलिफोर्नियासारख्या अवाढव्य राज्याइतकेच, म्हणजे दोनच सिनेटर या राज्यालाही मिळतात आणि त्यांची मुदत सहा वर्षांची असते. राज्यातील निम्म्याहून अधिक जमीन केंद्र सरकारच्या मालकीची आहे, अनेक गावांना रस्ताच पोहोचत नाही, आणि विमानतळापासून मासेमारीच्या नियमांपर्यंत बहुतेक गोष्टी वॉशिंग्टनमध्ये ठरतात. अशा राज्यात अनुभवी सिनेटरचे वजन फार असते. सिनेटर टेड स्टीव्हन्स यांनी चाळीस वर्षे राज्याची एक जागा सांभाळली, ती याच बळावर.

राज्याची दुसरी जागा लिसा मर्कोव्स्की यांच्याकडे 2002 च्या डिसेंबरात आली. त्यांचे वडील फ्रँक मर्कोव्स्की सिनेट सोडून राज्यपाल झाले होते आणि आपल्या रिकाम्या झालेल्या जागेवर त्यांनी मुलीचीच नेमणूक केली. याची नाराजी अनेकांच्या मनात राहिली. 2004 मध्ये लिसा स्वतःच्या बळावर निवडून आल्या. 2006 मध्ये मात्र वडिलांना रिपब्लिकन पक्षाच्या प्रायमरीत सारा पेलिन यांनी हरवले. 2010 मध्ये त्याच पेलिन यांनी लिसा यांच्या विरोधात फेअरबँक्सचे वकील जो मिलर यांना पाठिंबा दिला.

त्या वर्षीची प्रायमरी 24 ऑगस्टला झाली. रिपब्लिकन मतपत्रिका घेण्याचा अधिकार पक्षाचे नोंदणीकृत मतदार आणि कोणत्याही पक्षाकडे नोंद नसलेले मतदार यांनाच होता. डेमोक्रॅट म्हणून नोंद असलेल्यांना ती मिळत नव्हती. अपक्ष नोंदणीचे मतदार अलास्कात बहुसंख्य असले, तरी ऑगस्टच्या मतदानाला त्यांतले थोडेच बाहेर पडतात. जे येतात ते पक्षाविषयी आणि विचारसरणीविषयी आग्रही असतात. शिवाय अल्पवयीन मुलीच्या गर्भपातापूर्वी पालकांना कळवणे सक्तीचे करणारा एक प्रस्तावही त्याच दिवशी मतदानाला होता, त्यामुळे परंपरावादी मतदारांना घराबाहेर पडायला आणखी एक कारण मिळाले. मिलर यांना 55,878 मते पडली आणि मर्कोव्स्की यांना 53,872. म्हणजे सहा वर्षांची खासदारकी सुमारे एक लाख दहा हजार मतांतल्या दोन हजारांच्या फरकाने गेली, असे वाटले. 31 ऑगस्टला त्यांनी पराभव मान्य केला.

प्रायमरीने काय ठरवले आणि काय ठरवले नाही, हे इथे नीट पाहायला हवे. रिपब्लिकन पक्षाच्या नावापुढे कोणाचे नाव छापायचे, एवढेच तिने ठरवले. आपल्याकडे हे काम तिकीटवाटपात पक्षश्रेष्ठी करतात आणि तिकीट नाकारले गेलेला इच्छुक अपक्ष म्हणून बंडखोरीचा अर्ज भरू शकतो, कारण अर्जाची मुदत अजून शिल्लक असते. अमेरिकेत मात्र प्रायमरी संपेपर्यंत अपक्षांची मुदतही बहुधा उलटलेली असते, आणि अनेक राज्यांत प्रायमरी हरलेल्या उमेदवाराचे नाव नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर छापण्यास कायद्यानेच बंदी आहे. मर्कोव्स्की यांच्यापुढे एकच वाट उरली होती. मतपत्रिकेच्या तळाशी असलेल्या कोऱ्या ओळीवर मतदाराने स्वतःच्या हाताने त्यांचे नाव लिहायचे आणि शेजारचे वर्तुळ भरायचे. 17 सप्टेंबरला त्यांनी ही वाट जाहीर केली आणि सिनेटमधील पक्षनेतृत्वातले आपले पद सोडले. अशा पद्धतीने सिनेटची जागा याआधी 1954 मध्ये साउथ कॅरोलायनात स्ट्रॉम थरमंड यांनी जिंकली होती. त्यानंतर कोणालाही ते जमले नव्हते.

यानंतरच्या सहा आठवड्यांत प्रचाराचा रोखच बदलला. ऑगस्टमध्ये ‘खरा रिपब्लिकन कोण’ हा प्रश्न होता. नोव्हेंबरमध्ये ‘अलास्कासाठी वॉशिंग्टनमध्ये कोण हवे’ हा प्रश्न झाला. पहिल्या प्रश्नाला त्यांच्याकडे पुरेसे उत्तर नव्हते, दुसऱ्याला होते. राज्यातील आदिवासी समाजांच्या शिखर संघटनेने, म्हणजे अलास्का फेडरेशन ऑफ नेटिव्ह्जने, त्यांना पाठिंबा दिला. आदिवासींच्या मालकीच्या कंपन्यांनी प्रचारासाठी पैसा उभा केला. केंद्राच्या निधीवर शाळा, दवाखाने आणि धावपट्ट्या चालणाऱ्या दूरच्या गावांतून ही मते आली, आणि रिपब्लिकन प्रायमरीत या गावांचा वाटा नेहमीच कमी असतो. नाव अवघड असल्यामुळे त्याचे स्पेलिंग छापलेले मनगटी पट्टे वाटले गेले आणि दूरचित्रवाणीवरच्या जाहिरातींतून ते अक्षर-अक्षर शिकवले गेले. मला हा प्रचार लोकशाहीतील अत्यंत कष्टाच्या प्रचारांपैकी एक वाटतो, कारण इथे उमेदवाराला मन वळवून थांबता येत नव्हते. मतदाराच्या हाताला लिहायला शिकवावे लागत होते.

नोव्हेंबरमध्ये अडीच लाखांहून अधिक मतदान झाले, म्हणजे रिपब्लिकन प्रायमरीच्या दुपटीहून जास्त. राज्याची राजधानी जूनो येथे प्रत्येक हस्तलिखित नाव हाताने तपासले गेले. स्पेलिंगमधील किरकोळ चुकांवरून मिलर यांच्या प्रतिनिधींनी आठ हजारांहून अधिक मतांवर हरकत घेतली. ती सगळी मते बाजूला ठेवली, तरी मर्कोव्स्की दोन हजारांनी पुढेच होत्या. अंतिम आकडे असे होते: मर्कोव्स्की 1,01,091, मिलर 90,839, आणि डेमोक्रॅटिक उमेदवार स्कॉट मॅकअ‍ॅडम्स 60,045. मतदाराचा हेतू स्पष्ट असेल तर स्पेलिंगच्या चुकीने मत बाद होत नाही, असा निर्णय राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबरात दिला.

 

पुढे अलास्काने प्रायमरीचे रूपच बदलले. 2020 मध्ये मतदारांनी निसटत्या बहुमताने असा कायदा मंजूर केला, की प्रायमरीत सर्व पक्षांचे उमेदवार एकाच मतपत्रिकेवर असतील, कोणताही मतदार मत देऊ शकेल आणि पहिले चार जण नोव्हेंबरला जातील. नोव्हेंबरचे मतदान पसंतीक्रमाने होईल. विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघाची मतमोजणी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना दुसऱ्या पसंतीची मते कशी फिरतात हे सांगायला नको. म्हणजे अलास्कात आज प्रायमरी म्हणतात, ती पक्षाचा उमेदवार मुळी ठरवतच नाही; ती फक्त गर्दी कमी करते.

या बदलाची कसोटी 2022 मध्ये लागली. डोनाल्ड ट्रम्प यांच्यावरील महाभियोगात 2021 च्या फेब्रुवारीत त्यांना दोषी ठरवण्याच्या बाजूने सात रिपब्लिकन सिनेटरांनी मत दिले होते. त्यांतल्या मर्कोव्स्की एकट्याच 2022 मध्ये पुन्हा मतदारांसमोर जात होत्या. राज्यातील पक्षाने त्यांचा निषेध केला होता आणि ट्रम्प यांनी त्यांच्या प्रतिस्पर्धी, रिपब्लिकन उमेदवार केली शिबाका यांना पाठिंबा दिला होता. जुन्या पद्धतीची पक्षांतर्गत प्रायमरी असती तर मर्कोव्स्की पुन्हा हरल्या असत्या, असे माझे स्पष्ट मत आहे. नव्या प्रायमरीत दोघीही आरामात पुढे गेल्या. नोव्हेंबरच्या पहिल्या फेरीत मर्कोव्स्की यांना 43 टक्क्यांहून थोडी जास्त आणि शिबाका यांना 43 टक्क्यांना थोडी कमी मते होती. डेमोक्रॅट पॅट चेस्ब्रो बाद झाल्यावर त्यांच्या मतदारांची पुढची पसंती मोजली गेली आणि मर्कोव्स्की सुमारे 54 टक्क्यांवर पोहोचल्या. 2010 मध्ये ज्या मतदारांना कोऱ्या ओळीवर नाव लिहावे लागले होते, तशाच मतदारांना आता केवळ दुसऱ्या पसंतीचे वर्तुळ भरायचे होते.

ही पद्धत रद्द करण्याचा प्रस्ताव 2024 मध्ये मतदानाला आला आणि तीन लाखांहून अधिक मतांत साडेसातशेहूनही कमी मतांनी तो फेटाळला गेला. त्यामुळे 2024 नंतरही अलास्कात ती लागूच राहिली.