कोकणाचा तुटलेला शेजारी

भर महासागरातलं बेट दोनच जातींचं असतं, असं साधारण धरून चालायला हरकत नाही. एक तर ज्वालामुखीचं, नाहीतर पोवळ्यांचं. मॉरिशस आणि रियुनियन पहिल्या जातीतली, मालदीव आणि आपलं लक्षद्वीप दुसऱ्या. हिंदी महासागरातल्या सेशेल्स या देशातली माहे, प्रालां, ला दीग ही बेटं मात्र या हिशेबात कुठेच बसत नाहीत. ती ग्रॅनाइटची आहेत. ग्रॅनाइट हा खंडांचा दगड. तो जमिनीखाली खोलवर हळूहळू थंड होतो आणि कोट्यवधी वर्षांच्या झिजेनंतर उघडा पडतो. माहेचा ग्रॅनाइट सुमारे ७५ कोटी वर्षांचा आहे. महासागराचा तळ सतत नवा होत असल्यामुळे त्याचा दगड सहसा २० कोटी वर्षांपलीकडे जात नाही. म्हणजे ही बेटं ज्या समुद्रात उभी आहेत, त्या समुद्राहूनही कितीतरी थोरली आहेत.

मधुचंद्राच्या जाहिरातींत पांढऱ्या वाळूमागे जे गोल गुळगुळीत, करड्या-गुलाबी रंगाचे प्रचंड धोंडे दिसतात, ते हेच. जवळून पाहिलं तर त्यांच्या अंगावर वरून खाली उतरणाऱ्या खोल पन्हळी दिसतात. पावसाच्या पाण्याने दगड विरघळत, झिजत त्या पडल्या आहेत. ग्रॅनाइटसारखा कणखर दगड पाण्याने असा कोरला जायला किती काळ लागला असेल, याचा विचार फोटो काढणारं जोडपं बहुधा करत नाही, आणि त्यांनी करावा असा आग्रहही नाही.

देश म्हणून सेशेल्स चिमुकला आहे. क्षेत्रफळाने आणि लोकसंख्येनेही आफ्रिकेतला सर्वांत लहान. शंभराहून जास्त बेटं, पण सगळी जमीन एकत्र केली तरी साधारण ४५५ चौरस किलोमीटर, म्हणजे जवळपास मुंबई महापालिकेच्या हद्दीएवढी. लोकसंख्या लाख-सव्वा लाख. १७७० पर्यंत इथे कायमची वस्तीच नव्हती. आधी फ्रेंच आले, मग इंग्रज, आणि २९ जून १९७६ ला देश स्वतंत्र झाला. राजधानी व्हिक्टोरिया माहे बेटावर आहे. आफ्रिकेचा किनारा तिथून दीड हजार किलोमीटरवर, आणि मुंबई तीन हजारांहून अधिक.

पण हे आजचं अंतर. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी मोजलं असतं तर सेशेल्सच्या जवळ आफ्रिका नव्हती, आपण होतो.

गोंडवन हा महाखंड फुटला तेव्हा भारत, मादागास्कर आणि सेशेल्स बराच काळ एकत्रच राहिले. सुमारे नऊ कोटी वर्षांपूर्वी मादागास्कर सुटलं. भारत आणि सेशेल्स मात्र अजून जोडलेले होते. सेशेल्सची जागा तेव्हा आजच्या कोकण-गुजरात किनाऱ्याच्या पश्चिमेला होती, आणि मधे आजच्यासारखा अरबी समुद्र पसरलेला नव्हता. मग ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा वाहू लागला. ज्या काळ्या कातळावर आपले गडकिल्ले उभे आहेत, तो हाच. पृथ्वीच्या पोटातून वर येणाऱ्या ज्या उष्ण झोताने हा लाव्हा पुरवला असं मानलं जातं, त्याने वरचं कवचही कमजोर केलं असावं. मुख्य उद्रेक ओसरल्यावर थोड्याच काळात, भूशास्त्राच्या हिशेबात थोड्याच म्हणजे दोन-तीन दशलक्ष वर्षांत, भारत आणि सेशेल्स यांच्यामध्ये चीर पडली आणि तिच्यातून नवा समुद्रतळ तयार होऊ लागला. भारत झपाट्याने ईशान्येकडे सरकला. सेशेल्स मागे राहिलं.

याचे पुरावे दोन्ही बाजूंना आहेत. सिल्हुएट आणि नॉर्थ ही सेशेल्सची दोन बेटं जुन्या ग्रॅनाइटची नाहीत. ती सुमारे ६.३ कोटी वर्षांपूर्वीच्या अग्निजन्य खडकांची आहेत, म्हणजे नेमकी ताटातूट झाली त्या सुमाराची. काही ग्रॅनाइट बेटांत भेगांमध्ये घुसून थिजलेल्या लाव्हाच्या उभ्या भिंती सापडतात. त्यांची रासायनिक जडणघडण दख्खनच्या लाव्हाशी जुळते. इकडे मुंबईत मढ, मनोरी, गोराई भागातले फिकट रंगाचे ज्वालामुखी खडकही मुख्य दख्खननंतरचे, साधारण त्याच काळातले आहेत. आणि पनवेल परिसरात लाव्हाचे थर पाहा. घाटमाथ्यावर तेच थर एकावर एक आडवे रचलेले दिसतात. पनवेलकडे मात्र ते समुद्राच्या दिशेने कलंडलेले आहेत. भूवैज्ञानिक याला पनवेल फ्लेक्शर म्हणतात आणि किनारा फाटताना कवच वाकल्याची ती खूण मानतात. जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने जाणारा माणूस या खुणेवरून रोज ये-जा करतो, फक्त तिचं दुसरं टोक आफ्रिकेच्या एका देशात आहे हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

दगडांपेक्षा मला बेडकांची साक्ष जास्त पटते. दगडाच्या वयाबद्दल, रसायनाबद्दल वाद घालता येतो. बेडकाची गोष्ट सरळ आहे. त्याची कातडी पातळ आणि पाणी आत घेणारी असते, खाऱ्या पाण्यात तो तग धरत नाही. त्यामुळे भर समुद्रातल्या बेटांवर सहसा मूळचे बेडूक नसतात. सेशेल्समध्ये मात्र सूग्लॉसिडी नावाचं एक अख्खं कुळ आहे, चार जाती, आणि त्या जगात दुसरीकडे कुठेही नाहीत.

त्यातला गार्डिनरचा बेडूक पूर्ण वाढला तरी जेमतेम ११ मिलिमीटरचा, करंगळीच्या नखावर मावेल एवढा. तो डबक्यात अंडी घालत नाही. ओलसर पाचोळ्यात घालतो आणि अंड्यांतून थेट चिमुकले बेडूक बाहेर येतात, शेपटीच्या पिल्लाची अवस्था अंड्यातच उरकून. आणखी गंमत म्हणजे या बेडकाला कानाचा पडदा नाही, मधला कानही नाही. मग एवढा ओरडतो कुणासाठी? २०१३ मध्ये रेनो ब्वास्तेल आणि सहकाऱ्यांनी याचा शोध घेतला. त्यांनी जंगलात ध्वनिक्षेपक ठेवून या बेडकाची ध्वनिमुद्रित हाक वाजवली, आणि नराने तिला उत्तर दिलं. म्हणजे ऐकू येत होतं. क्ष-किरणांनी त्याच्या डोक्याची सूक्ष्म रचना तपासून गणित मांडल्यावर कळलं की ऐकण्याचं काम त्याचं तोंड करतं. साधारण ५,७०० हर्ट्झचा आवाज, जो त्याच्याच हाकेचा सूर आहे, तोंडाच्या पोकळीत घुमून मोठा होतो आणि तिथून पातळ पेशीस्तरांतून आतल्या कानात पोचतो.

या कुळाचा सर्वांत जवळचा जिवंत नातलग आफ्रिकेत सापडत नाही, मादागास्करमध्येही नाही. तो आपल्या पश्चिम घाटात आहे. एस. डी. बिजू आणि फ्रँकी बॉसुइट यांनी २००३ मध्ये केरळातल्या इडुक्कीमधून एका जांभळट, फुगीर, टोकदार नाकाच्या बेडकाचं वर्णन प्रसिद्ध केलं आणि त्याच्या जातीला सह्याद्रीचं नाव दिलं. हा गडी वर्षाचा बहुतेक काळ जमिनीखाली वाळवी खात काढतो आणि पावसाळ्याच्या तोंडाशी जोडीदार शोधण्यापुरता वर येतो. दिसायला तो आणि नखाएवढा गार्डिनरचा बेडूक यांत काडीचं साम्य नाही. पण डीएनए सांगतो की बाकी सगळ्या बेडकांपेक्षा हे दोघे एकमेकांना जवळचे. त्यांचे वंश भारत आणि सेशेल्स तुटण्याच्याही बरेच आधी वेगळे झाले होते, नंतर जमीन दुभंगली आणि एकेक शाखा एकेका तुकड्यावर राहिली.

देवगांडुळांचंही असंच. दिसायला गांडुळासारखे पण खरे म्हणजे बेडकांचे भाऊबंद असलेले हे पाय नसलेले उभयचर सेशेल्सच्या मातीत आहेत, आणि त्यांचे जवळचे नातलग सह्याद्रीत, अगदी महाराष्ट्रातही. कोयनेजवळच्या हुंबरळीतून २००४ मध्ये एका जातीची नोंद झाली, तिच्या नावातच महाराष्ट्र आहे. आंबोलीतूनही एक जात नोंदली गेली आहे. बांधावर खणताना असं काही वळवळताना दिसलं तर लोक सापाचं पिल्लू समजून ठेचतात, हे आपलं दुर्दैव. या प्राण्यांमुळे भूवैज्ञानिकांना एक गोष्ट फुकटात मिळते. बेडूक आणि देवगांडुळं पोहून येणं जवळपास अशक्य, आणि ती आज तिथे आहेत. म्हणजे गेल्या सहा-साडेसहा कोटी वर्षांत सेशेल्स पूर्ण बुडालं असं एकदाही झालेलं नाही. उलट शेवटच्या हिमयुगात, सुमारे २० हजार वर्षांपूर्वी, समुद्र आजच्यापेक्षा १२० मीटर खाली होता. तेव्हा माहेभोवतीचं सगळं उथळ पठार उघडं पडून ही बेटं मिळून एक मोठी जमीन झाली होती.

अर्थात सेशेल्समधलं सगळंच काही गोंडवनाचं नाही. माहेपासून हजारभर किलोमीटरवर असलेलं अल्दाब्रा हे पोवळ्यांचं बेट अनेकदा पाण्याखाली गेलेलं आहे. तिथली लाखभर राक्षसी कासवं समुद्रावरून वाहत आलेल्या पूर्वजांची. हे शक्य आहे का, अशी शंका घेणाऱ्यांना २००४ मध्ये उत्तर मिळालं. टांझानियाच्या किनाऱ्यावर एक अल्दाब्रा कासव पाण्यातून चालत बाहेर आलं, पायांवर बार्नकल नावाचे समुद्री जीव चिकटलेले. तेवढे जीव वाढायला आठवडेच्या आठवडे पाण्यात राहावं लागतं. पाणकोंबडीच्या कुळातला एक पक्षी तर अल्दाब्रावर दोनदा आला. पहिल्यांदा आलेल्यांनी शत्रू नसल्यामुळे उडणं सोडलं आणि सुमारे १.३६ लाख वर्षांपूर्वी बेट बुडालं तेव्हा ते संपले. बेट पुन्हा वर आल्यावर त्याच जातीचे पक्षी पुन्हा उडत आले आणि त्यांनीही पुन्हा उडणं सोडलं. २०१९ मध्ये ज्युलियन ह्यूम आणि डेव्हिड मार्टिल यांनी जीवाश्मांवरून हे दाखवून दिलं.

आता सेशेल्सच्या एका नारळाकडे. युरोपियनांना सेशेल्स सापडण्याच्या कितीतरी आधी भारताच्या किनाऱ्यावरच्या लोकांना तिथलं हे फळ ओळखीचं होतं. दोन नारळ एकमेकांना चिकटवल्यासारखी काळी, जड करवंटी कधीमधी समुद्र काठावर टाकून जाई. हाच दर्याई नारळ. अर्ध्या करवंटीचं भिक्षापात्र फकीर बाळगत, गाभा औषधात जाई. हे झाड समुद्राच्या तळाशी उगवतं अशी समजूत होती. मालदीवला ही फळं जास्त लागत, म्हणून शास्त्रीय नावातही मालदीवच येऊन बसलं. खरं झाड १७६८ मध्ये एका फ्रेंच मोहिमेला प्रालांवर सापडलं. गूढ उकललं, जहाजं भरभरून फळं भारतात येऊ लागली आणि त्याचा भाव पडला.

समजूत चुकीची होती, पण निरीक्षण चोख होतं. ताजं फळ पाण्यात टाकलं तर ते दगडासारखं बुडतं. आतला गाभा कुजून पोकळी झाल्यावरच ते तरंगतं. म्हणजे आपल्या किनाऱ्याला लागलेलं प्रत्येक दर्याई नारळ मेलेलं होतं, ते रुजणं शक्यच नव्हतं. त्यामुळेच हे झाड हजारो किलोमीटर फळं पाठवूनही मुळात प्रालां आणि शेजारच्या क्युरिएज या दोनच बेटांपुरतं राहिलं.

त्याची बी वनस्पतिसृष्टीत सर्वांत जड, १७-१८ किलोपर्यंत भरते. फळ पिकायला सहा-सात वर्षं लागतात. आणि हे सगळं कशाच्या जोरावर, तर नत्र आणि फॉस्फरस दोन्हींची वानवा असलेल्या निकस मातीच्या. हे कसं जमतं याचं उत्तर पानांत आहे. चुण्या पडलेली ही अवाढव्य पानं पावसाचं पाणी देठांवरून थेट खोडाच्या बुंध्याशी आणतात. सोबत परागकण, पक्ष्यांची शिट, सुका कचरा वाहून येतो. संशोधकांनी माती तपासली तेव्हा बुंध्याशी पोषकद्रव्यं दोन-चार पावलांवरच्या मातीपेक्षा स्पष्टपणे जास्त निघाली. झाड स्वतःलाच खत घालतं.

रुजण्याची तऱ्हाही अजब. जमिनीवर पडलेल्या बीच्या खाचेतून जाड दोरासारखा एक कोंब निघतो, मातीत शिरतो, काही अंतर आडवा सरकतो, आणि त्याच्या टोकाला रोप उगवतं. पुढे दोनेक वर्षं हे रोप त्या दोरातून बीमधला साठा खात राहतं. बी एवढी मोठी का झाली, याचं एक पटणारं स्पष्टीकरण असं: बेटावर ती दूर नेणारे प्राणी नाहीत, सगळी भावंडं आईच्याच सावलीत उगवणार. मग ज्याची शिदोरी मोठी तो टिकणार. पिढ्यान्‌पिढ्या हीच शर्यत चालली तर बी फुगतच जाते.

प्रालांवरच्या व्हाले द मे या जंगलाला १९८३ पासून जागतिक वारशाचा दर्जा आहे. तरीही फळांची चोरी चालते. नियमाने विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नारळावर क्रमांक असतो आणि सोबत सरकारी परवाना, तो नसेल तर विमानतळावर माल जप्त. झाडाला पहिला फुलोरा यायला बऱ्याचदा २५ वर्षं लागतात, कधी त्याहून जास्त. म्हणजे आज रुजवलेल्या बीपासून पिकलेलं पहिलं फळ मिळायला तीस-पस्तीस वर्षं धरावीत, तेही झाड मादी निघालं तर. आणि नर की मादी, हे फुलोरा येईपर्यंत नुसतं बघून कळत नाही.