मॉन्सूनचा अंदाज ‘खरा’ ठरतो म्हणजे काय?

‘उद्या समुद्रावर लढाई होईल’ हे विधान आजच खरे किंवा खोटे असते का, हा प्रश्न ग्रीक तत्त्वचिंतनात दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी विचारला गेला. न्यायदर्शनाने, म्हणजे भारतातील प्राचीन तर्कशास्त्राच्या परंपरेने, कसोटी व्यवहारात शोधली. ज्ञानावर विसंबून केलेली कृती फळाला आली, तर ते ज्ञान यथार्थ. १८७६-७८ च्या दुष्काळानंतर इंग्रज सरकारने मॉन्सूनचा हंगामी अंदाज मागितला, तो याच दुसऱ्या कसोटीवर. हिमालयातील बर्फावरून बांधलेला हा अंदाज १८८६ पासून नियमित दिला जाऊ लागला.

खरा पेच उभा राहिला तो २००२ मध्ये. १९८८ पासून हवामान खात्यात १६ घटकांचे मॉडेल वापरात होते. समुद्राचे तापमान, बर्फ, वारे यांचा पावसाशी असलेला जुना संबंध तपासून ते एक टक्केवारी देई. २००१ पर्यंत देशव्यापी दुष्काळ पडला नाही आणि मॉडेलची पत वाढत गेली. पण या काळात दरवर्षी डोळे मिटून ‘सरासरीइतका पाऊस’ म्हणणाराही बहुतेक वेळा बरोबरच ठरला असता. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, म्हणून कावळ्याला फांदीची जाण होती असे होत नाही. २००२ साठी अंदाज होता सरासरीच्या १०१ टक्क्यांचा. जुलैत पाऊस नेहमीच्या निम्म्यावर आला आणि हंगाम ८१ टक्क्यांवर संपला. पेरणी करून बसलेल्यांना तत्त्वचर्चेशी कर्तव्य नव्हते.

मॉडेल बदलले, तरी २००९ मध्ये ९६ टक्क्यांचा अंदाज असताना प्रत्यक्षात ७८ टक्केच पाऊस पडला. वातावरणात सुरुवातीचा बारीकसा फरक पुढे अफाट वाढतो, हे १९६३ पासून माहीत आहे. त्यात घटकांमधले नातेच बदलत राहते: १९९७ मध्ये अत्यंत प्रबळ एल निनो (प्रशांत महासागराचे पाणी तापण्याची, एरवी आपला पाऊस घटवणारी स्थिती) असूनही पाऊस सरासरीएवढा झाला.

दरम्यान एका आकड्याच्या जोडीला, तुटीच्या पावसापासून अतिरिक्त पावसापर्यंत अशा पाच गटांच्या शक्यता देण्याचा निर्णय झाला. तो योग्यच होता, पण त्याची किंमत कोणी नीट सांगितली नाही. ‘तुटीची शक्यता २० टक्के’ हे विधान एका हंगामात खोटे पाडताच येत नाही. तूट आली तरी ते टिकते, न आली तरी टिकते. अशा अंदाजाची झाडाझडती अनेक हंगामांची बेरीज करूनच घेता येते. त्यासाठीचे गणित १९५० पासून उपलब्ध आहे. अडचण अशी की मॉन्सून वर्षातून एकदाच येतो आणि पुरेसे हंगाम जमण्याआधीच मॉडेल बदललेले असते. त्यामुळे प्रत्येक अंदाजासोबत त्या पद्धतीचा आजवरचा हिशेब ठळकपणे छापला गेलाच पाहिजे.

२०२१ पासून अनेक मॉडेलांचा एकत्रित अंदाज दिला जातो. त्यासोबत प्रदेशवार शक्यतांचा नकाशाही असतो. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याच्या कामाचा तो नकाशा आहे, पण एप्रिलमध्ये मथळा होतो तो देशभराच्या टक्केवारीचा.