मायटर सॉवरचा 31.6 चुकून छापलेला नाही

नांदेड, परभणी, लातूर, कुठंही फर्निचरचं काम बघा, मायटर सॉ, म्हणजे लाकूड हव्या त्या कोनात कापायचं मशीन, दिसतोच आजकाल. त्याच्या गोल पट्टीवर 15, 22.5, 30, 45 अंशांचे खटके, म्हणजे कोन अडकवायच्या खाचा असतात, पण बऱ्याच मशीनवर मध्येच एक 31.6 पण असतो आणि त्यावर मिस्त्री लोक म्हणायलेत, चायना माल आहे, छापायला चुकलं. नाही हो, अख्ख्या मशीनवरचा सगळ्यात भारी आकडा तोच आहे.

आधी पटकन बेसिक. फळी फेन्सला म्हणजे मागच्या उभ्या पट्टीला टेकवायची आणि टेबल डावीउजवीकडं फिरवायचं, हा मायटर कट, फोटोफ्रेमचा कोपरा असाच निघतो. ब्लेड कलवला की बेव्हल. दोन्ही एकदम केलं की कंपाउंड. आणि इथं 0 म्हणजे सरळ आडवा काप, गुण्यातले (काटकोन तपासायच्या पट्टीतले) 90 तेच इथले 0, नवीन पोरांचा निम्मा गोंधळ इथंच होतो.

आता 31.6. भिंत आणि छताच्या कोपऱ्यात तिरकी बसणारी लाकडी मोल्डिंग, म्हणजे शोभेची पट्टी असते, आपल्याकडं तिथं पीओपीच जास्त, पण अमेरिकेत ती फार चालते आणि तिचा नेहमीचा प्रकार भिंतीशी 38 अंश करून बसतो. आता विचार करा, पट्टी भिंतीला सपाट चिकटलेली असती तर कोपऱ्याला नुसता 45 चा बेव्हल लागला असता आणि मायटर 0, छताला सपाट असती तर नेमकं उलटं, मायटर 45 आणि बेव्हल 0. ही बसते दोन्हीच्या मध्ये, म्हणून दोन्ही कोन थोडे थोडे लागतात. किती ते दहावीच्या त्रिकोणमितीत निघतं. 38 चा साइन 0.616, ज्याचा टॅन 0.616 येतो तो कोन 31.6, झाला मायटर. 38 चा कोसाइन गुणिले 45 चा साइन केलं की 0.557, तो ज्याचा साइन तो कोन 33.9, झाला बेव्हल. पट्टी 45 वर कलली असती तर हेच आकडे 35.3 आणि 30 आले असते, करून बघा कॅल्क्युलेटरवर, मजा येते. उतरत्या बाजूंची पेटी करायची असली तरी गणित हेच.

चौकटीत अर्ध्या अंशाची चूक किरकोळ वाटते, पण चार कोपऱ्यांचे आठ काप, म्हणजे शेवटच्या कोपऱ्याला 4 अंश, 75 मिलीमीटर रुंद पट्टीत 7 मिलीमीटरची फट. मग बसा भुसा आणि फेविकॉल भरत.

आता सेफ्टी. 10 इंची ब्लेड मिनिटाला 5000 फेरे मारतो तेव्हा दाताचा वेग ताशी 240 किलोमीटरच्या आसपास जातो. हातमोजे घातले की सेफ, हा समज डोक्यातून काढा, दातात मोजा अडकला तर आतल्या हातासकट ओढला जातो, गळ्यातल्या रुमालाचं पण तेच. चष्मा मात्र पाहिजेच. ब्लेडवरचा गार्ड तारेनं वर बांधलेला आणि हँडलला लिंबू-मिरची, असं मशीन दिसतं कधीकधी, लिंबू राहू द्या हवं तर, पण तार सोडा.

खालचे दात फेन्सकडं धावतात, म्हणून फळी फेन्सला टेकलेली नसेल तर ती हातासकट मागं आपटते. स्लायडिंग, म्हणजे ब्लेड पुढंमागं सरकणारं मशीन असेल तर ब्लेड आधी आपल्याकडं ओढा, मग खाली दाबा आणि कापत मागं ढकला, उलटं केलं तर ब्लेड लाकडावर चढून अंगावर येतो. काप झाल्यावर बटण सोडून ब्लेड खालीच थांबू द्या, फिरता वर उचलला तर बाजूला पडलेला छोटा तुकडा दातात सापडून कुठंही उडतो.