डिस्प्ले येत नाही, बीप वाजतात: दोष रॅमचा की ग्राफिक्स कार्डाचा?

पंखे फिरतात, दिवा लागतो, पण डिस्प्ले येत नाही आणि आतून ठरावीक लयीत बीप वाजत राहतात. अशा वेळी संशय बहुतेकदा दोघांवर जातो: रॅम आणि ग्राफिक्स कार्ड. बाहेरून दोन्ही बिघाड सारखेच दिसतात, म्हणून रॅम सैल असताना नवं कार्ड विकत घेतलं जातं. उलटंही होतं.

आधी हे बीप येतात कुठून? कॉम्प्युटर चालू होताना मदरबोर्डवरचा बायॉस (बोर्डावरच्या चिपमधला, सगळ्यात आधी चालणारा प्रोग्राम) एकेक भाग तपासत पुढे जातो. या तपासणीला पोस्ट म्हणतात. ती चालू असताना स्क्रीन अजून हाताशी आलेला नसतो, त्यामुळे सांगायचं ते स्पीकरवरून सांगावं लागतं. ढोबळ क्रम असा: प्रोसेसर, मग रॅम, मग ग्राफिक्स. हा क्रम लक्षात ठेवा, पुढे तोच कामाला येणार आहे.

आता बहुतेक जण बीप मोजतात आणि इंटरनेटवर तक्ता शोधतात. गोंधळ इथेच होतो, कारण सगळ्या बोर्डांसाठी एकच तक्ता नाही. अवॉर्ड, एएमआय, फिनिक्स ही बायॉस बनवणाऱ्यांची नावं. जुन्या अवॉर्ड बायॉसवर एक लांब आणि दोन आखूड बीप म्हणजे ग्राफिक्सची तक्रार. आसुसच्या अलीकडच्या बोर्डांवर तेच एक लांब, दोन आखूड म्हणजे रॅम सापडली नाही. ग्राफिक्ससाठी तिथे एक लांब, तीन आखूड वाजतात. जुन्या एएमआय बायॉसवर तीन बीप मेमरीचे आणि आठ डिस्प्लेचे. फिनिक्सचे बीप तर गटागटाने मोजायचे असतात. आपल्या बोर्डाचं मॅन्युअल हाताशी नसेल, तर दुसऱ्याचा तक्ता वाचण्यापेक्षा न वाचलेला बरा.

त्यापेक्षा बोर्डाकडूनच वदवून घ्या. मूळ बीपचा क्रम फोनवर रेकॉर्ड करा. कॉम्प्युटर बंद करून प्लग काढा, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून उरलेली वीज जाऊ द्या, कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावा. मग रॅमच्या सगळ्या पट्ट्या काढा, बाकी काहीही हलवू नका, आणि परत चालू करा. आता जे वाजेल ती या बोर्डाची ‘रॅम नाही’ अशी तक्रार. ती मूळ क्रमासारखीच असेल, तर आधीही गाडी रॅमपाशीच अडली होती. क्रम बदलला, तर आधी बोर्डाला रॅम मिळत होती आणि अडचण त्यापुढची आहे. संशय मग ग्राफिक्सवर.

या युक्तीला एक अपवाद आहे. काही कंपन्या रॅम न सापडणं आणि रॅम खराब असणं यांसाठी वेगळे बीप ठेवतात. डेलच्या बऱ्याच डेस्कटॉपवर न सापडली तर दोन, खराब असेल तर चार, आणि ग्राफिक्सला सहा. तिथे मॅन्युअल पाहिल्याशिवाय निकाल देऊ नका. आणि रॅम काढूनही काहीच वाजलं नाही, तर बोर्डावर स्पीकर नसेल (हल्ली अनेक बोर्डांसोबत तो मिळतच नाही) किंवा बिघाड रॅमच्याही आधीचा आहे: प्रोसेसर, मदरबोर्ड किंवा एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा). स्पीकर नसलेल्या बऱ्याच नव्या बोर्डांवर सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स), बूट (सिस्टिम सुरू होणं) असे चार छोटे दिवे असतात. जो लागून राहतो तो गुन्हेगाराकडे बोट दाखवतो, आणि खरं तर बीपपेक्षा हे सोपं आहे.

रॅमवर संशय पक्का झाला तरी लगेच नवी घेऊ नका. अनेकदा पट्टी नुसती नीट बसलेली नसते. काढा, सोनेरी कडा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पूर्ण वाळू द्या, आणि दोन्ही टोकांना टक्क वाजेपर्यंत दाबून बसवा. खोडरबराने घासायची पद्धत सर्रास चालते, पण त्याचे कण स्लॉटमध्ये पडतात. मला ती पटत नाही. मग एकच पट्टी लावून पाहा. चार स्लॉटच्या बहुतेक बोर्डांवर ती प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये लावतात. तीच पट्टी वेगळ्या स्लॉटमध्ये चालली तर आधीचा स्लॉट खराब, वेगळी पट्टी आधीच्याच स्लॉटमध्ये चालली तर आधीची पट्टी खराब. सगळ्या पट्ट्या सगळीकडे नापास झाल्या, तर प्रोसेसरकडे बघा: रॅम हाताळणारा मेमरी कंट्रोलर आता त्याच्यातच असतो, आणि त्याच्या सॉकेटमधली एक वाकडी पिनसुद्धा हुबेहूब रॅमचा बिघाड दाखवते. डीडीआर५ (नव्या पिढीची) रॅम नव्याने लावली असेल तर पहिल्यांदा काही मिनिटं स्क्रीन काळा राहू शकतो. बीप नसतील तर थांबा, बटण दाबत बसू नका.

ग्राफिक्स कार्डाचं काम त्या मानाने सरळ आहे. जड कार्ड वजनाने खाली झुकून स्लॉटमधून किंचित सुटतं. काढून परत बसवा, खटका लागला का बघा. स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात, त्यामुळे मोठ्या कार्डाला एसएमपीएसची वेगळी वायर लागतेच, आणि ती विसरली की कार्ड चांगलं असूनही बोर्ड तक्रार करतो. मग कार्ड काढून मॉनिटर थेट मदरबोर्डच्या पोर्टला लावा. डिस्प्ले आला तर दोष कार्डाचा, त्याच्या वायरचा किंवा स्लॉटचा. मात्र प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स असेल तरच ही चाचणी चालते. इंटेलच्या आय५-१२४००एफसारख्या, नावाच्या शेवटी एफ असलेल्या प्रोसेसरांत ते नसतं. रायझन ५ ५६००मध्येही नाही.

आणि अनेक बोर्डांवर फक्त एकच आखूड बीप वाजून स्क्रीन काळा राहिला, तर दोघेही निर्दोष असण्याची शक्यता मोठी, कारण तो बीप तपासणी पार पडल्याचा असतो. मॉनिटरचा इनपुट आणि केबल आधी बघा. कार्ड बसवलेलं असताना केबल कार्डाऐवजी मदरबोर्डच्या पोर्टला लागलेली सापडते.