मुकबांग आणि खाण्याची स्पर्धा: गल्लत नेमकी कुठे होते

कॅमेऱ्यासमोर कोणी अन्नाचा ढीग मांडून बसले की त्याला ‘खाण्याची स्पर्धा’ म्हणून मोकळे व्हायचे, ही सवय आता बातम्यांच्या मथळ्यांपर्यंत पोहोचली आहे. उलट बाजूने, घड्याळाशी झुंजत हॉट डॉग गिळणाऱ्या स्पर्धकाच्या चित्रफितीवर ‘मुकबांग’, म्हणजे कॅमेऱ्यासमोर जेवता जेवता प्रेक्षकांशी गप्पा मारण्याचा कार्यक्रम, असा शिक्का बिनदिक्कत मारलेला आढळतो. दोन्हीकडे अन्न पुष्कळ असते आणि बघणारेही पुष्कळ असतात, एवढ्या साम्यावर ही दोन नावे एकमेकांच्या जागी वापरणे मला मुळीच मान्य नाही.

स्पर्धेबद्दल फार सांगायला नको. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर 4 जुलैला होणारी हॉट डॉगची स्पर्धा बहुतेकांना ठाऊक असते. तिथे 2021 मध्ये जोई चेस्टनटने 10 मिनिटांत 76 हॉट डॉग पावांसकट संपवले. पाव पाण्यात बुडवण्याची मुभा असते आणि वेळ संपण्याआधी उलटी झाली तर स्पर्धक बाद होतो. थोडक्यात, तिथे पंच, घड्याळ आणि आकडा असतो.

मुकबांगचा उगम दक्षिण कोरियातला. 2010 च्या आसपास आफ्रिकाटीव्ही या संकेतस्थळावरील थेट प्रक्षेपणांतून तो रुजला. सादरकर्ता जेवता जेवता बोलत असे, प्रेक्षक त्याच वेळी लिहून त्याच्याशी गप्पा मारत आणि आवडले तर ‘तारांकित फुगे’ नावाच्या आभासी भेटी पाठवत, ज्यांचे पुढे त्याला पैसे मिळत. एकट्याने राहणाऱ्यांची संख्या वाढत चाललेल्या त्या समाजात, समोर कोणीतरी जेवत आहे आणि आपल्याशी बोलतही आहे, याचेच अनेकांना मोल होते.

खरी गल्लत होते ती अन्नाच्या प्रमाणाविषयी. स्पर्धेत प्रमाण हा निकाल असतो. तो मोजला जातो, नोंदवला जातो आणि त्यावर वादही घालता येतो. मुकबांगमध्ये प्रमाण हा देखाव्याचा भाग असतो. भरलेले टेबल नजर खिळवून ठेवते आणि गप्पांना पुरेसा वेळ मिळवून देते. पण सादरकर्त्याने निम्मे ताट तसेच ठेवले, तरी मुकबांग फसला असे होत नाही. म्हणूनच ‘अमक्याने एका बैठकीत इतके खाल्ले’ असे चित्रफितीवरून सांगणे आणि ते स्पर्धेतील विक्रमाशेजारी ठेवणे मला अत्यंत चीड आणते. आधी चित्रित केलेल्या चित्रफितीत दोन घासांच्या मधला भाग कापता येतो, वेग वाढवता येतो, आणि कापलेल्या भागात घास गिळला गेला की थुंकला गेला हे प्रेक्षकाला कळण्याचा काहीही मार्ग नसतो. चीनच्या सरकारी दूरचित्रवाणीने 2020 मध्ये अतिखाणाऱ्या सादरकर्त्यांवर टीका केली, तेव्हा अशा बनवाबनवीचाही उल्लेख झाला होता. थेट प्रक्षेपणात लबाडीला वाव कमी असतो हे खरे, पण तिथेही मोजणारा पंच नसतोच.

या गल्लतीमुळे कायद्याविषयीही चुकीचे सांगितले जाते. चीनने खाण्याच्या स्पर्धांवर बंदी घातली, असे हमखास ऐकू येते. एप्रिल 2021 मध्ये तिथे संमत झालेला कायदा मुळात अन्नाच्या नासाडीविरुद्धचा आहे, आणि त्यातील संबंधित कलमाचा रोख अतिखाण्याचे प्रदर्शन करून अन्न वाया घालवणारे कार्यक्रम व चित्रफिती तयार करण्यावर आणि त्यांच्या प्रसारावर आहे. प्रसारकांना 10,000 ते 1,00,000 युआन दंडाची तरतूद आहे. दक्षिण कोरियाची चिंता वेगळी होती: तिथल्या आरोग्य मंत्रालयाने 2018 मध्ये लठ्ठपणाविरुद्धच्या योजनेत मुकबांगसाठी मार्गदर्शक सूचना आणण्याचे जाहीर केले आणि प्रेक्षकांचा रोष ओढवून घेतला.

बाकीचे फरक किरकोळ आहेत. स्पर्धक बहुधा उभा असतो, मुकबांगवाला बसलेला. पहिल्याला चव घ्यायला सवड नसते, दुसऱ्याला ती वर्णन करावी लागते. कुरकुरीत पदार्थांचे आवाज माइकजवळ टिपणाऱ्या, एक शब्दही न बोलता केलेल्या चित्रफितींनाही हल्ली मुकबांग म्हणतात. रूढ झालेल्या वापराला इलाज नाही, परंतु ज्यात प्रेक्षकाशी संवादच उरलेला नाही त्याला हे नाव देताना माझा हात अडखळतो.