सावजी रस्सा घरच्या गंजात : पार्श्वभूमी

नागपुरात रविवारी दुपारी अनेक घरांत सावजी रस्सा, म्हणजे इथला झणझणीत मसालेदार रस्सा, शिजला की एक वाक्य हमखास ऐकू येतं: "झालं तर मस्त, पण खानावळीसारखं नाही झालं." मग कमी काय पडलं याचा शोध सुरू होतो आणि दर वेळी तो मसाल्यांच्या संख्येवर येऊन थांबतो. कुणी 32 सांगतं, कुणी 28, कुणी म्हणतं खरा मसाला घराबाहेर सांगतच नाहीत. ही चर्चा मी इतकी वर्षं ऐकते आहे की आता मला वाटतं, तिचं टोकच चुकीचं धरलेलं आहे. खानावळीची चव घरी आणायची, असं आपण म्हणतो. पण हा रस्सा मुळात खानावळीचा नव्हताच. तो विणकरांच्या घरातून खानावळीत गेला आणि आता पुन्हा घराकडे येतो आहे. मधल्या प्रवासात त्याच्यात काय बदललं हे कळल्याशिवाय नुसता मसाला मोजून उपयोग नाही.

जुना काळ थोडक्यात सांगते. भोसल्यांच्या राजधानीत कोष्ट्यांचे हातमाग होते आणि रेशीमकाठी नागपुरी लुगड्यांना दूरवर मागणी होती. तांडापेठ, पाचपावली, गोळीबार चौक, इतवारी, महाल या भागांत हलबा कोष्टी विणकरांची वस्ती. 1861 मध्ये नागपूर मध्य प्रांताची राजधानी झालं, 1867 मध्ये रेल्वे आली, 1877 मध्ये एम्प्रेस मिल सुरू झाली. गिरणीचं स्वस्त कापड बाजारात आलं, तरी हातमाग लगेच बंद पडले नाहीत. बारीक सुताचं, काठापदराचं काम बराच काळ मागावरच होत राहिलं. ही वस्ती घरातच काम करणारी. पुरुष मागावर, बाई कांड्या भरायला, पोरं हाताखाली, आणि त्याच घरात चूल. पाट्यावर वाटलेलं वाटण आणि मंद आचेवर तासन्‌तास रटरटणारा गंज अशाच घराला परवडतो, असं माझं मत आहे. बाहेर नोकरीला जाणाऱ्या घराची रीत वेगळी असते.

खानावळी आल्या त्या माग मंदावल्यावर. यंत्रमागाच्या कापडापुढे हातमागाची मजुरी टिकेना. 1980 नंतर तर गिरण्यांचाही भरवसा राहिला नाही, आणि 2002 च्या सुमारास एम्प्रेस मिल कायमची बंद झाली. आज त्या जागेवर मॉल उभा आहे. या सगळ्या काळात कितीतरी घरांची पुढची खोली जेवणाची खोली झाली. दोन बाकं, स्टीलच्या थाळ्या, गल्ल्यावर घरधनी आणि आत रांधणारी घरची बाई. लहानपणी मी वडिलांबरोबर अशा एका खोलीत गेले होते. भिंतीला मागाच्या लाकडी चौकटीचा एक भाग टेकवून ठेवला होता आणि त्यावर पाणी पिण्याचे ग्लास पालथे घातले होते. सावजी भोजनालय म्हटलं की मला अजूनही मसाल्याच्या वासाआधी ती चौकट आठवते. पाटीवर नाव पुरुषाचं असे, चव मात्र आतल्या बाईच्या हातची. तिचं नाव कुठेच लिहिलेलं नसे, याची मला आजही खंत वाटते.

आता त्या शब्दाकडे येऊ, कारण सगळा गुंता तिथेच आहे. 'सावजी' म्हणजे नेमकं काय?

'साव' हा शब्द 'साधु'पासून 'साहु' होत आला. त्याचा अर्थ सचोटीचा माणूस, पतवाला व्यापारी. चोर आणि साव ही जोडी आपण आजही बोलतो. सावकारातही तोच साव आहे. त्याला 'जी' लागला की आदराची हाक होते. विदर्भात ही हाक एकट्या कोष्ट्यांची नव्हती. वाणी-व्यापाऱ्यालाही सावजी म्हणत, जैन घरांतही हा शब्द आहे आणि वऱ्हाडात तर ते आडनावच आहे. म्हणजे ज्या घरात कांदा-लसूणसुद्धा शिजत नाही तिथेही सावजी आणि ज्या घरात खूर-भेजा शिजतो तिथेही सावजी. नागपूर शहरात मात्र हलबा कोष्टी समाजाला आणि त्यांच्या जेवणाला हा शब्द असा चिकटला, की बाहेरच्या माणसाला दुसरा अर्थ माहीतच नसतो.

पुढे शब्द आणखी घसरला. आधी तो माणसाची हाक होता, मग समाजाची ओळख झाला, मग खानावळीची पाटी, मग मसाल्याचं पाकीट. आता तो नुसतं विशेषण आहे. हमरस्त्यावरच्या ढाब्यावर 'सावजी पनीर' मिळतं, पुण्या-मुंबईत 'सावजी थाळी' मिळते, आणि रांधणाऱ्याचा या वस्तीशी काही संबंध असावाच लागतो असं नाही. समाजातल्या जुन्या मंडळींना याचा राग आहे. शब्द कुणाच्या मालकीचा नसतो, चव पसरली तर वाईट काय, असा दुसरा पक्ष आहे. मला पहिल्या पक्षाचं जास्त पटतं. या समाजाच्या नावाचा कागदोपत्रीही छळ झाला आहे: अनुसूचित जमातींच्या यादीतल्या 'हलबा' या नोंदीत 'हलबा कोष्टी' धरता येणार नाहीत, असा निकाल 2000 साली देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने दिला. तो निकाल बरोबर की चूक, हा या टिपणाचा विषय नाही. पण ज्यांची एक ओळख अशी वादात सापडली, त्यांची दुसरी ओळख पाकिटावर छापून कुणीही विकतं, तेव्हा त्यांना ते लागणारच.

या वादाचा स्वयंपाकाशी थेट संबंध आहे. सावजी म्हणजे मसाला असं मानलं, तर पाकीट फोडलं की काम झालं. सावजी म्हणजे एका वस्तीतली घरं असं मानलं, तर एक 'मूळ' कृती असूच शकत नाही. एका घरात वाटणाला भाजलेली ज्वारी असते, दुसऱ्यात खसखस आणि सुकं खोबरं जास्त. कुणी कांदा निखाऱ्यावर भाजतं, कुणी कच्चाच वाटतं. 32 चा आकडा कुठेच जुळत नाही तो यामुळेच. शिवाय सावजी म्हणजे मटण ही समजूतही अर्धवट आहे. डाळकांदा आणि पाटोडीचा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा, रस्सा याच घरांतले, आणि हाताची खरी परीक्षा त्यांतच होते. तिथे चरबी मदतीला येत नाही.

तेलाचा बदल मोठा आहे आणि त्याच्याबद्दल फार कमी बोललं जातं. जुनं रांधप जवसाच्या तेलातलं. नागपूरच्या आसपास रब्बीत जवस भरपूर होत असे, तेल जवळच्या घाणीवर मिळे. 1980 नंतर विदर्भात सोयाबीन पसरलं, जवसाचा पेरा आटला आणि खानावळींचं तेलही बदलत गेलं. जवसाचं तेल हवेत लवकर बिघडतं, कडू होतं. हवेत सुकण्याच्या त्याच गुणामुळे ते रंग-वार्निशातही वापरतात. रोज शंभर ताटं वाढणाऱ्याला असं तेल साठवणं जड जाणारच. रिफाइंड तेल टिकतं, वास देत नाही, आणि मिरचीचा रंग त्यात झकास उतरतो. आज ज्या लालभडक तर्रीवर आपण जीव टाकतो, ती बरीचशी या नव्या तेलाची आणि सढळ हाताची देणगी आहे. घरचा जुना रस्सा काळपट असे, असं म्हातारी माणसं सांगतात, आणि ते सहज पटतं: भाजलेलं दगडफूल, मसाला वेलची, मिरं-लवंग यांचा रंग लाल कसा येईल?

दगडफूल कसं भाजायचं हे मला शेजारच्या काकूंनी शिकवलं. त्या याच वस्तीत वाढलेल्या. मी सगळा मसाला एकत्र कढईत टाकून सराटा फिरवत होते. त्यांनी गॅस बारीक केला.

"काहून घाई करून राहिली? धने जळतीन आन्‌ दगडफूल कच्चं राहीन. एकेक भाज."

दगडफूल चमचाभर तेलात पडलं की आधी काहीच होत नाही. मग कडा आक्रसतात, करडा रंग काळ्याकडे झुकतो आणि ओल्या मातीचा नि धुराचा मिळून एक वास वर येतो. त्याच क्षणी उतरवायचं. पाच-सात सेकंद उशीर झाला तर राख. बाजारातल्या किराणा ओळीत तयार मसाला घेतला की हा क्षण दुसऱ्या कुणाच्या हाती गेलेला असतो.

खानावळीने आणखी एक गोष्ट बदलली, ती वेळ. तिथला रस्सा सकाळी चढतो आणि रात्रीपर्यंत गरम राहतो. मसाला तेलात आणि तेल पाण्यात मुरत जातं. मिरचीचा तिखटपणा पाण्यापेक्षा तेलात उतरतो, म्हणून वरचा थर दर तासाला अधिक तिखट आणि अधिक गडद होतो. घरी आपण कुकरच्या चार शिट्ट्या करतो, झाकण उघडतो आणि लगेच वाढतो. मटण शिजलेलं असतं, रस्सा मुरलेला नसतो. बहुतेक घरी चव इथेच अडते. मसाल्यात काही राहून गेलेलं नसतं.

माझ्या घरी आता रीत ठरली आहे. वाटण आदल्या दिवशी भाजून ठेवते. मटण कुकरमध्ये अर्धवटच शिजवते आणि पुढे गंजात, झाकण अर्धं ठेवून, दीड तास. तेल निम्मं शेंगदाण्याचं, निम्मं घाणीवरचं ताजं जवसाचं, आधी चांगलं तावून घेतलेलं. ज्वारीची एक मूठ भाजून वाटणातच जाते, तिने रस्सा दाट होत नाही पण पाणचटही राहत नाही. रंग खानावळीसारखा येत नाही, काळपट येतो. पहिल्यांदा केला तेव्हा वाटी घेऊन काकूंकडे गेले. त्यांनी बोट बुडवून चाखलं, थोडा वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "सांबार नको टाकू वरून," म्हणजे आपली कोथिंबीर, आणि वाटी आत घेऊन गेल्या.