'ऑथेल्लो'तला ऑनेस्ट: इयागोचा निराळा, डेस्डिमोनाचा निराळा

शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो' नाटकात इयागो हा सेनापती ऑथेल्लोच्या मनात बायको डेस्डिमोनाबद्दल संशय पेरतो. ज्या इयागोला जो तो 'ऑनेस्ट' (honest) म्हणतो तोच अट्टल लबाड निघतो. हा उपरोध सगळ्यांना पाठ असतो, परीक्षेत त्यावर पानंच्या पानं भरली जातात, म्हणून तो इथे सोडून देऊ. खरा घोळ पुढचा आहे. डेस्डिमोनाबद्दल हाच शब्द आला की तिथेही डोळे झाकून 'प्रामाणिक' चिकटवतात, आणि 'ती खरं बोलते का, असा ऑथेल्लोला संशय आहे' असली वाक्यं जन्माला येतात.

१६०४ साली हे नाटक लंडनच्या राजवाड्यात झालं. त्या काळच्या इंग्रजीत पुरुष ऑनेस्ट म्हणजे खरा, भरवशाचा. बाई ऑनेस्ट म्हणजे शीलवान, लग्न झालेलं असेल तर नवऱ्याशी एकनिष्ठ. या दुसऱ्या अर्थाचं खऱ्याखोट्याशी काही देणंघेणं नाही.

पटत नसेल तर डेस्डिमोनाच बघा. तिसऱ्या अंकाच्या चौथ्या प्रवेशात ऑथेल्लोने दिलेला रुमाल हरवलेला असताना ती 'हरवला नाही' म्हणते. ऑथेल्लोच्या हातून ती मरत असताना तिची दासी, इयागोची बायको एमिलिया विचारते, हे कुणी केलं? ती म्हणते, कुणी नाही, मीच. दोन्ही वेळा चक्क खोटं! ऑथेल्लोही मग तिला खोटारडी म्हणतो. तरीही ती ऑनेस्टच आहे, आणि सगळं नाटक त्यावरच उभं आहे. चौथ्या अंकात एमिलिया तिच्यासाठी पैज मारते तेव्हा 'ऑनेस्ट'च्या पाठोपाठ 'चेस्ट' (chaste, शीलवान) आणि 'ट्रू' (एकनिष्ठ) येतात. अर्थ नाटककारानेच उघडून ठेवलाय. पाचव्या अंकात एमिलिया बियांका नावाच्या दुसऱ्या एका बाईला वेश्या म्हणते, तर ती उलट ऐकवते, मी तुझ्याइतकीच ऑनेस्ट आहे. तिथे 'प्रामाणिक' लावून बघा, भांडणच कळणार नाही.

इयागोची करामत या दोन अर्थांच्या सांध्यावर चालते. तिसऱ्या अंकाच्या तिसऱ्या प्रवेशात ऑथेल्लो आधी कॅसिओबद्दल, म्हणजे ज्याच्याशी डेस्डिमोनाचं नाव इयागो जोडू पाहतो त्या अधिकाऱ्याबद्दल, विचारतो, तो ऑनेस्ट नाही का? इयागो उत्तर देत नाही, तोच शब्द प्रश्नचिन्ह लावून परत फेकतो. पुरुषाच्या भरवशावर सुरू झालेलं बोलणं थोड्याच वेळात बायकोच्या शीलावर येतं, शब्द मात्र तोच. 'डेस्डिमोना ऑनेस्ट आहे असंच मला वाटतं' हे वाक्य ऑथेल्लोच्या तोंडून निघतं तेव्हा शंका पेरून झालेली असते. पुढे तो दोघांना शेजारशेजारच्या ओळींत तोलतो: बायको ऑनेस्ट वाटते आणि नाहीही, तू 'जस्ट' (सचोटीचा) वाटतोस आणि नाहीसही. इयागोसाठी इथे शब्द बदललाय. घाईत वाचणाऱ्यांच्या हातून ही जागा हमखास निसटते.

तिसरी छटा किरकोळ: वरच्याने खालच्याला 'भला माणूस' म्हणावं तशी. नुकतंच लेफ्टनंटपद गेलेला कॅसिओ खालच्या हुद्द्याच्या निशाणदार इयागोला रात्री निरोप देताना 'ऑनेस्ट इयागो' म्हणतो, त्यात ती आहे. कॅसिओमुळे बढती हुकलेल्या माणसाला ते किती झोंबत असेल ते ओळखा.

मराठीत टिपा लिहायच्या तर सरळ दोन शब्द वापरा, 'विश्वासू' आणि 'शीलवान'. रंगमंचावर मात्र दोन शब्द केले की इयागोचा सांधाच तुटतो. तिथे मी 'नेक' घेईन. माणूस नेक असतो, बाईही नेकीने राहते, आणि 'नेक? नेक म्हणता, सरकार?' हे नटाच्या तोंडीही नीट बसतं.